मुकुटावरचा उजेड

मांडवातली मूर्ती कितीही उंच असो, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरात चौरंगावर बसणारा गणपती वीत-दीड वीतच. त्याचा मुकुट जेमतेम दोन बोटांचा. एवढ्याशा जागेवर डबीतला सोनेरी रंग सरळ फासला की मुकुट झळकत नाही, पिवळट दिसतो आणि नक्षीही बुजते. खऱ्या मुकुटात अख्खं देवघर उमटतं: समईची ज्योत, खिडकीचा उजेड, मधला काळोख. दोन बोटांच्या मुकुटात ते मावत नाही. मग धातूचा भास आणायचा कसा? या प्रश्नाशी कारागीर निदान दोनशे वर्षं झुंजताहेत.

तंजावरच्या मराठी दरबाराने त्याला राजेशाही उत्तर दिलं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे 1798 ते 1832 या वर्षांत, तंजावर शैलीची चित्रं बहरली. त्यात दागिने आणि प्रभावळ आधी लेपाने उठावदार करत, त्यावर सोन्याचा वर्ख बसवत, मध्ये काचेचे खडे. सोनं खरंच आणि उठावही खरा, त्यामुळे सावली आपोआप पडे. कारागिराला उजेड रंगवावा लागतच नसे. अर्थात हा मार्ग परवडायला पदरी राजा हवा.

राजा रवि वर्मांनी उलट वाट धरली. त्यांच्या तैलचित्रांतल्या नऊवारीची जर आणि गळ्यातले दागिने पाहा. वर्ख नाही, नुसते रंग. गडद तपकिरी, त्यावर मातकट पिवळा आणि नेमक्या टोकावर जवळजवळ पांढरा ठिपका. तो ठिपका सोनं विकतो. 1894 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्यांच्या छापखान्याने हे सोनं घरोघरी पोचवलं. गंमत अशी, की लोकांनी ते छापील दागिने पुरेसे मानले नाहीत. त्यांवर खरी जर आणि टिकल्या चिकटवून मगच तसबीर भिंतीवर टांगली.

डबीतल्या सोनेरी रंगाचा इतिहास जरा वेगळा. पोलाद स्वस्त करणारा हेन्री बेसेमर आधी श्रीमंत झाला तो सोनेरी पुडीवर! बहिणीच्या चित्रसंग्रहावर सोनेरी अक्षरं काढायला त्याने ती पूड घेतली आणि किंमत पाहून चाट पडला. तेव्हा ती हाताने कुटून बनत असे. 1840 च्या दशकात त्याने यंत्रं रचली आणि कृती अनेक वर्षं गुप्त ठेवली. ही पूड सोन्याची नव्हतीच, पितळेची होती. पितळेतलं तांबं हवेशी खेळतं, म्हणून स्वस्त सोनेरी रंग काही वर्षांत काळवंडतो. पुढे 1960 च्या दशकात अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम ऑक्साइड चढवलेली रंगद्रव्यं आली आणि धातूशिवाय चकाकी मिळू लागली.

छोट्या मूर्तीवर ही चकाकी मुरवायचं कसब मात्र खेळण्यातल्या सैनिकांनी घडवलं. ब्रिटनमध्ये 1978 मध्ये अशा छोट्या मूर्ती बनवणारी सिटाडेल मिनिएचर्स ही कंपनी सुरू झाली, 1987 पासून गोल्डन डीमन ही रंगकामाची स्पर्धा भरू लागली. तिथली जुनी रीत आजही चालते: खाली काळा, वर ‘बोल्टगन मेटल’ हा गडद चंदेरी रंग, मग कुंचला जवळपास कोरडा करून उंचवट्यांवर फिकट धातू, शेवटी कडांवर ‘मिथ्रिल सिल्व्हर’ हा लख्ख चंदेरी. खाचांत पातळ तपकिरी पाणी सोडायचं. हे पाणी चकाकीपेक्षाही महत्त्वाचं, कारण शेजारी अंधार असल्याशिवाय धातू धातू वाटत नाही. सोनेरी चिलखताच्या कडेला आणखी सोनेरी नाही, चंदेरी रंग लावतात. 2012 मध्ये कंपनीने रंगांची नावं बदलली, ‘बोल्टगन मेटल’च्या जागी ‘लेडबेल्चर’ आलं. जुने हात अजून पहिलंच नाव घेतात.

दोन खोडी या रंगांच्या अंगातच आहेत. त्यांचे सूक्ष्म पापुद्रे कुंचल्याच्या पाण्यात तरंगत राहतात, म्हणून धातूच्या रंगांसाठी वेगळी वाटी लागते. नाहीतर देवाच्या गालावरही चमचम उगवते. आणि वरून मॅट वॉर्निश मारलं की सगळी मेहनत राखाडी पडते.

या शतकाच्या सुरुवातीला रॅकहॅम या फ्रेंच कंपनीच्या अशाच छोट्या मूर्तींमुळे धातूचे रंग न वापरता धातू रंगवायची ढब गाजली. परदेशी रंगाऱ्यांना ती चमत्कार वाटली. खरं तर रवि वर्मा तेच करून गेले होते. फरक इतकाच, की चित्राला एकच बाजू असते, मूर्ती मात्र हातात फिरते. दोन पावलं सरकलं की रंगवलेला उजेड खोटा पडतो. चौरंगावरच्या गणपतीला ही अडचण कमी, तो समोरूनच पाहिला जातो.

पेण-हमरापूरच्या कारखान्यांपुढे किंवा रायपूरला मूर्ती पुरवणाऱ्या दुर्ग जिल्ह्यातल्या थनौदपुढे आज हाच प्रश्न वेगळ्या कारणाने आला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, मे 2020 मध्ये सुधारल्या. नैसर्गिक माती आणि बिनविषारी नैसर्गिक रंग वापरा, तैलरंग आणि इनॅमल नकोत, असं त्यांत आहे. म्हणजे चकचकीत तैलरंगाची डबी बाद. शाडूच्या मुकुटासाठी उरतात पिवळी माती, गेरू, काजळी आणि खडूचा पांढरा. गेरूत काजळी घालून खाचा, पिवळ्या मातीचं अंग, उंचवट्यावर खडू मिसळलेला फिकट पिवळा आणि मधल्या मण्यावर, समोरून उजेड येतो तिथे, एकच पांढरा ठिपका.