नावापुढचं ‘एल’

2025 च्या ऑगस्टमध्ये डब्लिनच्या फार्मलीतला इंडिया डे पुढे ढकलला गेला. त्याआधी, जुलैत, टाला भागात एका भारतीयाला रस्त्यात गाठून बेदम मारलं होतं. 1 ऑगस्ट 2025 ला आपल्या दूतावासाने सूचना काढली, निर्जन जागी जाऊ नका, त्यातून अवेळी तर नकोच. तेवीस वर्षं ज्या शहरात रात्री साडेदहाच्या बसने एकटी घरी येते आहे, तिथली अवेळ कोणती ते मला आता वकिलातीने सांगायचं! त्या संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी लिहिलं, “इथे आपल्या बाजूने बोलणारं कुणी आहे का?” खाली सव्वीस जणांनी हात जोडले. मी फोन पालथा ठेवला. हाच प्रश्न मी याच मंडळींना 2004 पासून विचारत आले आहे, आणि प्रत्येक वेळी मला गणपतीच्या प्रसादाचं काम देऊन गप्प करण्यात आलंय.

आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला इथलं नागरिकत्व लागत नाही, इथे राहत असलात की पुरे. 1963 च्या कायद्याने हे केलं आणि 1974 पासून परक्या माणसाला उभंही राहता येतं. स्वीडनने 1976 मध्ये हा हक्क दिला तो तीन वर्षांच्या वास्तव्याची अट घालून, नेदरलँड्सने पाच वर्षांची घातली. इथे तीही नाही. कौतुक फार करू नये. साठच्या दशकात या देशात येतंय कोण होतं? इथली पोरंच बोटीत बसून लंडन-बॉस्टनला चालली होती. रिकाम्या घराला कुलूप न लावण्याचं औदार्य ते. पुढची पंचवीस वर्षं मी सोडून देते. त्या काळात या हक्काने ना कुणाचं काही बिघडवलं, ना घडवलं. 1999 च्या घटनादुरुस्तीची मात्र आठवण ठेवा, पुढे लागणार आहे. तोवर सरकारं कौन्सिलच्या निवडणुका हव्या तशा लांबवत. त्या वर्षी दर पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे असं घटनेत लिहिलं गेलं.

मी आले सप्टेंबर 2002 मध्ये, नवऱ्याच्या वर्क परमिटमागून, पुण्याहून. 2004 च्या वसंतात वाचनालयात एक पत्रक दिसलं आणि मतदारयादीच्या पुरवणीत नाव घालण्याचा फॉर्म घेऊन मी जवळच्या गार्डा, म्हणजे पोलीस, स्टेशनात गेले. फॉर्मवर पोलिसासमोर सही करावी लागे. कोणतं स्टेशन ते सांगत नाही, खिडकीतला माणूस आता निवृत्त झाला असेल. तो म्हणाला, “तुम्ही नागरिक नाही, तुम्हाला मत नाही.” मी परत फिरले. दुसऱ्या दिवशी ते पत्रक घेऊन गेले, लाल पेनाने ओळ अधोरेखित करून. त्याने ते दोनदा वाचलं, आत जाऊन कुणाला तरी विचारलं, बाहेर येऊन शिक्का मारला आणि म्हणाला, “रोज काहीतरी नवीन कळतं बघा.” कायदा 41 वर्षांचा होता.

11 जून 2004. प्राथमिक शाळेचा हॉल, भिंतीवर मुलांनी रंगवलेल्या मेंढ्या, दोरीला बांधलेली पेन्सिल. यादीत माझ्या नावापुढे ‘एल’ अक्षर होतं, म्हणजे फक्त लोकल. युरोपियन मतदारांपुढे ‘ई’, ब्रिटिशांपुढे ‘डी’, आणि आयरिश माणसापुढे काहीच नाही. तिथल्या बाईंनी पट्टी ठेवून माझं नाव खोडलं, एका मतपत्रिकेवर शिक्का उमटवला आणि ती माझ्या हाती दिली. पुढच्या आजोबांना तीन मिळाल्या. स्थानिक, युरोपियन पार्लमेंट आणि सार्वमत. बाई हळूच म्हणाल्या, “बाकीच्या दोन तुमच्यासाठी नाहीत.”

त्या तिसऱ्या कागदावरचा प्रश्न होता, आयरिश भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला जन्माने नागरिकत्व मिळावं की नाही. मला दिवस गेल्याचं कळून तेव्हा आठवडाच झाला होता. फुटपाथ कुणी दुरुस्त करायचा हे देशाने मला विचारलं, पोटातल्या जिवाचं काय करायचं ते शेजारच्या आजोबांना. 79 टक्के लोकांनी तो जन्महक्क काढून टाकला. 1 जानेवारी 2005 पासून नियम लागू झाला. आईबापांपैकी एकाचं आधीच्या चार वर्षांतलं तीन वर्षांचं वास्तव्य हवं. माझी मुलगी फेब्रुवारीत जन्मली. आमची तीन वर्षं भरायला काही महिने कमी पडले.

आता एक कबुली. माझ्या मतपत्रिकेवर खाली खाली ‘वराडकर’ हे आडनाव होतं. पंचविशीचा डॉक्टर, वडील मुंबईचे, घराण्याचं मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचं. कॅसलनॉकच्या मतपत्रिकेवर सिंधुदुर्ग! मी डोळे झाकून त्याच्यापुढे 1 लिहिला. (इथे फुली मारत नाहीत, पसंतीचे आकडे घालतात.) त्याच्या पक्षाचा त्या सार्वमताला पाठिंबा होता हे मला माहीत होतं. तरी लिहिला. आडनावाने मत देणारे अडाणी, असं पुण्यात आम्ही कुणाकुणाला म्हणायचो ते आठवून आजही कान गरम होतात. 2017 मध्ये तो पंतप्रधान झाला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांना वराडचा रस्ता सापडला आणि मंडळात टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मतदारयादीत नाव किती जणांचं, म्हणून मी विचारलं. विषय बदलला गेला.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. पोर्टलीश गावच्या टाऊन कौन्सिलवर रोटिमी अदेबारी हा नायजेरियन माणूस निवडून आला. चार वर्षांपूर्वी आश्रय मागत आलेला. 2007 मध्ये तो त्या गावाचा महापौर झाला, आयर्लंडचा पहिला कृष्णवर्णीय महापौर. ती बातमी मी स्वयंपाकघरात उभ्याने ऐकली, पोळी तव्यावर करपली. ज्या मतदानात देशाने दार लोटलं, त्याच मतदानात एका गावाने खिडकी उघडली होती.

टाऊन कौन्सिलची गंमत ती होती. छोटं गाव, काहीशे मतांचा खेळ. पक्ष नको, पैसा नको, शंभर घरांची कडी वाजवली की माणूस शर्यतीत. आमच्या भागात टाऊन कौन्सिल नव्हतं, पण हवा तीच होती. 2008 मध्ये बांधकामाचा फुगा फुटला आणि आमच्या वसाहतीचा बिल्डर बुडाला. वसाहत कौन्सिलच्या ताब्यात गेलेली नाही, म्हणून रस्त्यावरचे दिवे कुणी लावायचे ते ठरेना. दोन हिवाळे आम्ही दुपारी साडेचारला अंधारात मुलांना टॉर्च धरून आणलं. सोसायटीचं हस्तांतर हा शब्द पुण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मी, एक पोलिश सुतार आणि एक केरळी नर्स, तिघांनी मिळून घरोघरी फिरून मतदारयादीचे फॉर्म भरून घेतले. 2009 च्या निवडणुकीआधी दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला त्या सुताराने एकच प्रश्न विचारला, “दिवे?” पुढच्या वर्षी दिवे लागले. मराठी घरं वसाहतीत सहा होती, फॉर्म दोघांनी भरले. उरलेल्यांचं म्हणणं, आपण इथे नोकरीला आलोय, राजकारणाला नव्हे. मंडळाच्या तेव्हाच्या खजिनदारांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “वहिनी, व्हिसावर आहोत आपण.” मत दिल्याने व्हिसा जातो हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

मग 2014 उजाडलं. खर्च वाचवायचा म्हणून सरकारने देशभरची 80 टाऊन आणि बरो कौन्सिलं एका कायद्याने पुसून टाकली. सदस्य 1,627 चे 949 झाले. पोर्टलीशचंही कौन्सिल गेलं. हक्क कागदावर तसाच राहिला, त्याची खालची पायरी तेवढी उखडली. त्याच सुमाराला पाणी कौन्सिलकडून काढून राष्ट्रीय कंपनीला दिलं. डब्लिनमध्ये कचरा आधीच खासगी झाला होता. घरपट्टी मात्र 2013 पासून आली, ती भरताना नावापुढचं अक्षर कुणी बघत नाही.

त्यानंतरची दहा वर्षं मला कंटाळवाणी वाटतात, माझाही दोष असेल. मी त्याआधीच, 2012 मध्ये, आयरिश नागरिक झाले होते, माझ्यामागून मुलगीही; ‘एल’ गेलं होतं. 2019 ला टालामधून केरळचे बेबी पेरेप्पाडन निवडून आले आणि 2024 मध्ये साउथ डब्लिनचे महापौर झाले. मल्याळी लोकांनी दारं वाजवली, आपण मोदक वळले. 

नवरा अजून ‘एल’ आहे. कोथरूडचा फ्लॅट, सासूबाई, कुणीतरी भारतीय राहायला हवं म्हणून. पण कोथरूडला तरी काय होतं? महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि जवळजवळ चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. मतदान झालं ते थेट जानेवारी 2026 मध्ये. पाच वर्षांची मुदत आपल्याही घटनेत आहे, कलम 243 यू. कागद दोन्हीकडे सारखाच. इथे त्या कागदानंतर 2004, 2009, 2014, 2019, 2024, एकही तारीख चुकलेली नाही. तिथे माझ्या सासूबाई, जन्माने पुणेकर, नगरसेवकाविना चार वर्षं खड्डे मोजत बसल्या आणि त्यांचा परदेशी मुलगा डब्लिनमध्ये मत देऊन आला.

जून 2024 मध्ये माझी मुलगी पहिल्यांदा मतदानाला गेली. तीच शाळा, मेंढ्या नव्या. बाईंनी तिला सगळे कागद दिले, बापाला एक. तिने परत येताना विचारलं, “बाबाला कमी का?”

पुढची स्थानिक निवडणूक 2029 ची. आता पोलिसासमोर सही लागत नाही. पीपीएस नंबर, जन्मतारीख आणि एअरकोड (इथला पिनकोड) घातला की ऑनलाइन नोंदणी होते, वर्षभर केव्हाही. मंडळाच्या गटावर हात जोडणाऱ्या त्या सव्वीस जणांनी आज रात्री जेवणं झाल्यावर एवढं करावं. फॉर्म भरायला मी अजूनही येईन.