पांढऱ्या क्षाराचे सामर्थ्य

शेतात खत म्हणून पसरावयाचा आणि खाणीत दगड फोडण्यासाठी सुरुंगात भरावयाचा पदार्थ एकच असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अमोनियम नायट्रेट हा मात्र तसा क्षार आहे.

दिसावयास तो जाड्या मिठासारखा. रंग पांढरा, वास नाही. पाण्यात विरघळताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. त्यामुळे पाणी एकदम गार पडते. मुरगळलेल्या पायावर ठेवावयाच्या काही थंड पिशव्यांत हाच क्षार असतो. त्याच्या वजनात सुमारे ३५ टक्के नत्र असते, आणि नत्रावाचून पीक वाढत नाही. म्हणून खत या नात्याने त्याला मोल आले. परंतु १०० किलो क्षारात ६० किलो प्राणवायूही बंदिस्त असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. क्षार स्वतः कागदासारखा पेटत नाही. तो अतिशय तापला, म्हणजे त्याचे विघटन होऊ लागते, आणि जवळच्या जळाऊ वस्तूंना तो आपल्यातील प्राणवायू पुरवितो. मग हवा कोंडली तरी आग विझत नाही. या गोष्टीकडे लक्ष न दिल्यामुळे १९४७ साली एका बंदराचा नाश झाला.

ते बंदर अमेरिकेतील टेक्सास सिटी. १६ एप्रिलच्या सकाळी 'ग्रँडकँप' या फ्रेंच जहाजाच्या मालखान्यातून धूर निघू लागला. कागदी पिशव्यांत भरलेला दोन हजार टनांहून अधिक क्षार जहाजावर होता. पाणी मारल्यास माल खराब होईल, या विचाराने कप्तानाने मालखान्याची दारे बंद करविली व आत वाफ सोडविली. इतर मालाच्या आगीस हा उपाय लागू पडतो, हे खरे. कारण वाफ हवेला बाहेर घालविते. येथे आगीला हवेची गरजच नव्हती. वाफेने उष्णता मात्र वाढली. नारिंगी धूर पाहावयास धक्क्यावर लोक जमले. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज फुटले. जहाजाचा सुमारे दोन टनांचा नांगर अडीच किलोमीटरांहून दूर जाऊन पडला. आग विझविण्यास धावलेल्या गावच्या दलातील २८ जणांपैकी २७ जण गेले. एकूण मृतांची संख्या सुमारे ५८० होती.

या क्षाराचा आणखी एक स्वभाव आहे. तो हवेतील ओल शोषतो, आणि त्याचे दाणे एकमेकांस चिकटून दगडासारखे घट्ट होतात. जर्मनीतील ओपाऊ येथील कारखान्यात, अमोनियम सल्फेट मिसळलेल्या अशा खताचे ढीग मोकळे करण्यासाठी लहान सुरुंग लावीत. पुष्कळ वेळा काही झाले नाही. म्हणून भीती चेपली. २१ सप्टेंबर १९२१ रोजी ढीगच उडाला, आणि ५०० हून अधिक माणसे दगावली. आता खतासाठी पुष्कळ ठिकाणी या क्षारात चुनखडीची पूड मिसळतात. त्यामुळे त्याचा धोका बराच कमी होतो.

लेबनॉनची राजधानी बैरूत येथे तर धोका ठाऊक होता. तेथील बंदराच्या वखारीत २०१४ पासून सुमारे २,७५० टन क्षार पडून होता. तो हलवावा, अशी पत्रे जकात अधिकाऱ्यांनी न्यायाधीशांकडे पाठविली होती. क्षार जागचा हलला नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी वखारीस आग लागली, आणि झालेल्या स्फोटात दोनशेहून अधिक लोक मृत्यू पावले.

भारतात या क्षारासाठी २०१२ साली स्वतंत्र नियम करण्यात आले. परवान्यावाचून तो साठविता येत नाही. वखार कोरडी व हवेशीर असावी लागते. तेल, कोळसा, गंधक यांना तेथे थारा नसतो. विडीकाडीची तर गोष्टच नको. सांडलेला क्षार लगेच झाडून काढतात. पण फरशी पुसण्यास लाकडाचा भुसा वापरीत नाहीत, कारण भुसा हेही जळणच होय. आग नुकतीच लागली असेल, तर दारे उघडी ठेवून भरपूर पाणी मारावयाचे असते. माल खराब झाला तर होऊ द्यावा. परंतु ज्वाळा क्षाराच्या ढिगापर्यंत पोहोचल्या आणि तांबूस, विषारी धूर निघू लागला, म्हणजे आग विझविणाऱ्यांनीही तेथे थांबावयाचे नसते. भोवतालच्या सर्वांना घेऊन दूर निघून जावयाचे असते.