नाचणी : रोजच्या ताटात कशी घ्याल?

• कॅल्शियम : १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०.

• मोड : नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणा. फायटेट हा शोषणात अडथळा आणणारा घटक कमी होऊन लोह, कॅल्शियम अंगी लागते. वाळवून, भाजून, दळून चाळली की सत्त्व तयार.

• भाकरी : नाचणीत ग्लूटेन नसते. पिठाची उकड काढून मळले की भाकरी चिरत नाही.

• आंबील : पीठ रात्रभर आंबवा, सकाळी शिजवून ताक, जिरे, मीठ घाला.

• जोडीला : लिंबाची फोड घ्या, त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने लोह शोषले जाते. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने.

• मधुमेह असल्यास : गूळ घातलेली पातळ खीर टाळा, भाजीबरोबर भाकरीच बरी.