अभियांत्रिकी की वैद्यक : ठाणे-कल्याण परिसरातील व्यवसायनिवडीची घडण

कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय कुटुंबात मूल शास्त्रशाखेकडे वळले की जो प्रश्न प्रथम उपस्थित होतो तो अभियांत्रिकी की वैद्यक, हा होय. प्रश्न विचारला जातो तो आवडीच्या भाषेत. "तुला काय व्हावयाचे आहे?" असे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास वा मुलीस विचारले जाते आणि तिच्या उत्तरावर घरात चर्चा होते. परंतु या निवडीचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, आवडीचा वाटा तीत पुष्कळदा दुय्यमच राहिला आहे. जवळ कोणती महाविद्यालये होती, प्रवेशाचे नियम कसे होते, घरात किती वर्षे थांबण्याची ऐपत होती, या गोष्टींनी निवडीचा साचा आधी घडविला आणि आवड पुष्कळ वेळा त्या साच्यात मागाहून ओतली गेली. हा साचा कसा घडला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या परिसरात अभियांत्रिकी प्रथम आली ती रुळांवरून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढल्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. त्यानंतर बोरघाट व थळघाट अशा दोन्ही घाटांकडे जाणाऱ्या वाटा कल्याणास फुटल्या आणि एक जुने बंदर रेल्वेचे मोठे जंक्शन बनले. ज्या वर्षी गाडी कल्याणला आली त्याच १८५४ साली पुण्यास सार्वजनिक बांधकामाच्या दुय्यम नोकरवर्गासाठी एक वर्ग उघडण्यात आला. आजचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यातूनच वाढले. या योगायोगाला फार अर्थ देण्याचे कारण नाही. तथापि अभियांत्रिकीचे शिक्षण एतद्देशीयांसाठी सुरू झाले ते सरकारी बांधकामाला हाताखालचे लोक हवे होते म्हणून, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले तेव्हा ठाकुर्लीजवळ चोळा येथे रेल्वेचे स्वतःचे वीजघर १९२९ साली उभे राहिले. इंजिन, जनित्र व सिग्नल ही यंत्रे या गावांच्या लोकांनी पुस्तकात पाहण्यापूर्वी घराच्या खिडकीतून पाहिली होती.

वैद्यकाची कथा याच गावातून, पण अगदी वेगळ्या वाटेने सुरू होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणचा. वयाच्या नवव्या वर्षी टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले. वैद्यकीय मदतीचा अभाव त्यांना स्वतःच्या देहावर व स्वतःच्या घरात कळला होता. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी अमेरिकेस जाण्याची कारणे सांगितली. हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची गरज आहे हे त्यांतील मुख्य. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची एम.डी. ही पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याच्या आतच, पुण्यास त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंच्या चरित्राकडे सामान्यतः धैर्याची कथा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. व्यवसायनिवडीच्या अभ्यासकाने मात्र तीत आणखी एक गोष्ट पाहावी. त्यांच्यापुढे दोन वाटा नव्हत्याच. रेल्वेच्या जंक्शनात जन्मलेल्या मुलीस अभियांत्रिकी ही कल्पनाही त्या काळी सुचण्यासारखी नव्हती. वैद्यक मात्र स्त्रियांना तुलनेने लवकर खुले झाले, कारण पडद्यातील रोग्यांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता. म्हणजे समाजाच्या बंधनानेच त्या बंधनाला एक दार पाडले. मुलींसाठी डॉक्टरी आणि मुलांसाठी इंजिनियरी ही पुढे अनेक दशके टिकलेली विभागणी येथून निघाली, असे म्हणण्यास जागा आहे.

आता भूगोलाकडे वळू. मध्य रेल्वेच्या मार्गावर ठाण्याहून दक्षिणेकडे निघाले म्हणजे मुंबईतील बहुतेक नामांकित संस्था जणू ओळीने लागतात. कांजूरमार्गला उतरून पवईची आय. आय. टी. (१९५८), शीव येथे लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालय (१९६४), माटुंग्यास व्ही.जे.टी.आय. आणि १९३३ साली निघालेला विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्येचा विभाग, परळला के.ई.एम. रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. आणि भायखळ्याजवळ १८४५ सालचे ग्रँट मेडिकल कॉलेज. एकाच गाडीच्या एकाच डब्यातून दोन्ही वाटांचे विद्यार्थी जात. गावात पदवीचे शास्त्रशिक्षण पुष्कळ उशिरा आले. ठाण्याचे बांदोडकर महाविद्यालय १९६९ चे आणि कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. त्याआधी येथील पुष्कळ विद्यार्थ्यांना इंटर सायन्ससाठीच माटुंगा गाठावे लागे. मासिक पासाच्या पल्ल्यात जे महाविद्यालय येई तेच विचारात घेतले जाई. वसतिगृहाचा खर्च सोसण्याजोगी घरे थोडी होती.

मग दोन्ही वाटा इतक्या जवळ असताना परिसराचा कल अभियांत्रिकीकडे का झुकला? एक कारण डोळ्यांसमोर होते. अंबरनाथचे काडेपेटीचे व आयुधांचे कारखाने, शहाड व मोहने येथील रेयॉनच्या गिरण्या, १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ठाण्यातील वागळे इस्टेट व मागोमाग डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांनी इंजिनियर हा शब्द नोकरीशी जोडून टाकला. शेजारचा मनुष्य सकाळी पाळीवर जाताना दिसत होता. डॉक्टर दिसे तो एकटा, स्वतःच्या दवाखान्यात. त्याचे होणे हे भांडवल, बस्तान आणि भाग्य यांवर अवलंबून आहे असा समज होता, आणि तो फारसा चुकीचाही नव्हता.

दुसरे कारण अधिक खोल असून त्याची चर्चा क्वचितच होते. अभियांत्रिकीला पायऱ्या आहेत, वैद्यकाला दार एकच आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका, तेथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश, किंवा पदविकेवरच नोकरी आणि पुढे बढती, अशी चढण अभियांत्रिकीत नेहमीच राहिली. वैद्यकातही एके काळी अशी पायरी होती. १९१२ साली मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. ही परवाना-पदविका घेऊन असंख्य डॉक्टर तालुक्याच्या गावी व्यवसाय करीत. १९४६ च्या भोर समितीने देशात एकाच दर्जाचा, विद्यापीठाची पदवी घेतलेला डॉक्टर असावा अशी शिफारस केली व ही खालची पायरी नंतर काढून टाकण्यात आली. दर्जाच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येईल. पण परिणाम असा झाला की, एम.बी.बी.एस.चे दार ज्याला उघडले नाही त्याला त्याच इमारतीत दुसरीकडून शिरता येईना. तो दंतवैद्यकाकडे, आयुर्वेदाकडे किंवा होमिओपॅथीकडे वळला. उपनगरी वस्त्यांतील कितीतरी भरवशाचे दवाखाने अशा डॉक्टरांनीच चालविले आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे.

आता प्रवेशाच्या यंत्रणेचा विचार करू, कारण आजच्या विद्यार्थ्याची निवड खरोखर तेथे होते. जुन्या इंटर सायन्सला गणिताचा 'अ' गट आणि जीवशास्त्राचा 'ब' गट असत. बारावीची परीक्षा सुरू झाल्यावर हीच फाळणी कनिष्ठ महाविद्यालयात आली व दोन वर्षे अलीकडे सरकली. प्रारंभी बारावीचे गुण निर्णायक असत. १९९९ पासून वैद्यकासाठी व २००४ पासून अभियांत्रिकीसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आली आणि २०१६ पासून वैद्यकाचा प्रवेश अखिल भारतीय 'नीट'वर ठरू लागला. दोन्ही परीक्षांची गुणविभागणी ताडून पाहिल्यास एक मनोरंजक साम्य आढळते. 'नीट'च्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. राज्याच्या अभियांत्रिकी परीक्षेच्या २०० गुणांपैकी १०० गणिताचे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे पदार्थविज्ञान व रसायन, दोन्हीकडे सारखाच. तेव्हा सोळाव्या वर्षी विद्यार्थी निवडतो तो व्यवसाय नव्हे, तो अभ्यासक्रमाचा एक अर्धा भाग निवडतो. जीवशास्त्र आवडते पण पदार्थविज्ञान जड जाते असा विद्यार्थी वैद्यकाकडे वळला तरी जड विषयापासून त्याची सुटका नाही. घरोघरी होणाऱ्या चर्चेत ही साधी गोष्ट नजरेआड होते. चारही विषय घेऊन दोन्ही दारे उघडी ठेवण्याचा मार्ग आहे; पण तो घेणाऱ्यावर इतरांपेक्षा दीडपट भार पडतो आणि पुष्कळांना अकरावीच्या अखेरीस एक विषय मनाने सोडून द्यावा लागतो.

जागांच्या संख्येतील विषमता याहून निर्णायक. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. अभियांत्रिकीचा वर्ग वाढविण्यास प्रयोगशाळा, कर्मशाळा आणि शिक्षक लागतात. संगणकाची शाखा प्रबळ झाल्यावर कर्मशाळेचीही गरज कमी झाली. वैद्यकाचा वर्ग वाढवावयाचा तर आधी रुग्णालय हवे, खाटा हव्यात, त्या खाटांवर रोगी हवेत आणि शवविच्छेदनासाठी देह हवेत. या गोष्टी परवान्याने निर्माण होत नाहीत. म्हणून अभियांत्रिकीच्या जागा इतक्या वाढल्या की २०१० नंतरच्या दशकात राज्यात त्यांपैकी हजारो रिकाम्या राहिल्या. उलट २०२४ साली 'नीट'ला २३ लाखांहून अधिक परीक्षार्थी बसले तेव्हा देशभरातील एम.बी.बी.एस.च्या जागा लाखभराहून थोड्याच अधिक होत्या. ठाणे शहरात पहिले वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९९२ साली, कळव्याच्या महापालिका रुग्णालयाला जोडून.

काळाचा हिशोबही तितकाच कठोर आहे. अभियंता चार वर्षांत मिळवता होतो. डॉक्टरला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे, आणि आजकाल केवळ एम.बी.बी.एस. पुरेसे मानले जात नसल्याने पुढे आणखी तीन. प्रवेश परीक्षेचे दुसरे-तिसरे प्रयत्न निराळेच. घराचे हप्ते चालू आहेत आणि वडिलांची निवृत्ती जवळ आली आहे अशा डोंबिवलीच्या घरात ही चार-पाच वर्षे कोणी भरून काढावयाची, हा प्रश्न बहुधा बोलला जात नाही. मुलाला 'गणित बरे जमते' असे म्हणून तो मिटविला जातो. यात लबाडी नाही. घराची अब्रू आणि मुलाचा स्वाभिमान दोन्ही सांभाळण्याची ती एक रीत आहे. मात्र तिची किंमत कधी कधी त्या मुलाला द्यावी लागते, कारण ज्या कारणाने निर्णय झाला ते कारण त्याला कधीच सांगितले जात नाही, आणि पुढे जागा हुकली वा मन लागले नाही तर दोष तो स्वतःच्या बुद्धीला देतो. मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाने अभिरुचीच्या चाचण्यांपूर्वी घरच्या हिशोबाची विचारपूस केली तर ती अधिक उपयोगी पडेल.

अभियांत्रिकीकडे गेलेल्या लोंढ्यातही एक विसंगती आहे. तो मुख्यतः संगणकाकडे वळला. परंतु मे २०१६ मध्ये व पुन्हा मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा त्या गावाला जे हवे होते ते रासायनिक सुरक्षेचे जाणते अभियंते आणि भाजलेल्यांवर उपचार करू शकणारी जवळची रुग्णालये. गावाची गरज आणि गावातील मुलांची निवड यांचा मेळ बसण्याची यंत्रणा कोठेच नाही. प्रवेशाची यादी देशाच्या वा राज्याच्या क्रमाने लागते, गावाच्या गरजेने नव्हे.

साचा मात्र अगदीच अचल नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही 'नीट'ला बसण्याची मुभा दिली. सोळाव्या वर्षी बंद झालेले दार त्यामुळे पुन्हा उघडता येते, निदान नियमाने तरी. आणि २०२४ साली अंबरनाथ येथे १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कल्याणहून विरुद्ध दिशेच्या गाडीने, मुंबईकडे पाठ करून वैद्यकाच्या शिक्षणासाठी जाता येईल अशी ही सोय आहे. साडेपाच वर्षांच्या हिशोबाने तिच्या पहिल्या तुकडीतील डॉक्टर २०३० च्या सुमारास बाहेर पडतील.