काळ्या टी-शर्टवरचा भगवा आणि पडद्याआडचा 'रिप'

फेब्रुवारीची १९ तारीख जवळ आली, की शिवनेरीच्या वाटा गजबजू लागतात. शिवज्योत नेण्यासाठी गावोगावची मंडळे जुन्नरला येतात. त्यांतील अनेकांच्या अंगात मंडळाचे नाव छापलेला एकसारखा टी-शर्ट असतो. बहुधा काळ्या कापडावर भगवी अक्षरे. जुन्नरला २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणारे गिर्यारोहकांचे गट, शाळांची स्नेहसंमेलने, क्रिकेटचे सामने यांनाही असे शर्ट लागतात. त्यामुळे जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांतील फ्लेक्स आणि डीटीपीचे काम करणाऱ्या तरुणाला कापडावर थेट छापणारे यंत्र घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

शंभर-दोनशे शर्ट एकाच नक्षीचे असतील, तर आजही स्क्रीन प्रिंटिंगच स्वस्त पडते. परंतु पंधराच शर्ट हवे असतील आणि प्रत्येकावर वेगळे नाव हवे असेल, तर प्रत्येक रंगाची जाळी तयार करणे परवडत नाही. तेथे 'डायरेक्ट टू गारमेंट', म्हणजेच डीटीजी हे तंत्र उपयोगी पडते. ब्रदर कंपनीचे जीटी-५४१ हे यंत्र २००५ मध्ये आले, पण त्यात पांढरी शाई नव्हती. ते फिकट कापडापुरते होते. पुढे पांढरी शाई आली आणि काळ्या कापडाचे दार उघडले. एप्सनचे एफ-२००० हे यंत्र २०१३ मधले. ग्राहक यंत्राची चौकशी बारकाईने करतो. मात्र त्या यंत्राला आज्ञा देणाऱ्या 'रिप' या सॉफ्टवेअरकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. शर्ट वाया जाण्याची अनेक कारणे नेमकी तेथेच दडलेली असतात.

रिप म्हणजे काय?

'रास्टर इमेज प्रोसेसर' याचे हे संक्षिप्त रूप. संगणकाच्या पडद्यावरील चित्र प्रिंटरला कळत नाही. कोणत्या जागी कोणत्या शाईचा थेंब टाकायचा, एवढेच त्याला कळते. हे भाषांतर रिप करतो. ३० बाय ४० सेंटिमीटरचे चित्र ७२० डीपीआयवर छापायचे झाल्यास प्रत्येक शाईसाठी सुमारे ९ कोटी ६४ लाख जागांचा निर्णय घ्यावा लागतो. १९८५ मध्ये अॅपलने लेसररायटर हा प्रिंटर आणला, तेव्हा हे काम करणारी यंत्रणा प्रिंटरच्या पोटातच होती. कागदावरील छपाईत आजही साधा ड्रायव्हर पुरतो. कापडाची गोष्ट वेगळी आहे.

पांढऱ्या थराचे गणित

काळ्या कापडावर थेट भगवी शाई टाकली, तर ती कापडातच बुडून जाते. म्हणून आधी कापडावर प्री-ट्रीटमेंटचे द्रावण फवारतात, मग पांढऱ्या शाईचा थर देतात आणि त्यावर रंग छापतात. हा पांढरा थर कोठे, किती जाड आणि कोठे विरळ द्यायचा, हे रिप ठरवतो. पांढरी शाई हा या धंद्यातील मोठा खर्च आहे. चित्रातील काळ्या भागाखाली पांढरा थर न देता कापडाचाच काळा रंग वापरण्याची सोय चांगल्या रिपमध्ये असते. त्यामुळे शाई वाचते आणि छापही अंगाला जाड लागत नाही.

रंगाच्या कडेबाहेर पांढरी किनार दिसू नये म्हणून रिप पांढरा थर कडेपासून थोडा आत घेतो. याला 'चोक' म्हणतात. देवनागरीसाठी ही बाब महत्त्वाची आहे. ७२० डीपीआयवर एक ठिपका सुमारे ०.०३५ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंनी तीन-तीन ठिपके आत घेतले, तर ०.३ मिलिमीटर जाडीच्या रेघेखाली पांढरा थर जेमतेम ०.१ मिलिमीटर उरतो. मग सुलेखनातील बारीक वेलांटी, रफार किंवा ऱ्हस्व उकाराचे टोक काळ्या कापडात हरवते. ठळक इंग्रजी अक्षरांवर सुंदर दिसणारा नमुना मराठी मजकुरावर फसतो तो असा. म्हणून चोक बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करता येतो का, हे आधी पाहावे.

भगवा की विटकरी?

पडद्यावरचा तेजस्वी भगवा चार मूळ शायांतून जसाच्या तसा उतरणे अवघड असते. शाई, कापड आणि प्री-ट्रीटमेंट यांच्या त्या विशिष्ट जोडीसाठी तयार केलेली रंगाची 'प्रोफाइल' रिपमध्ये असावी लागते. ती नसेल, तर भगवा कधी पिवळट, कधी विटकरी उतरतो. ध्वजाचा रंग चुकलेले शर्ट कोणतेही मंडळ स्वीकारणार नाही. विक्रेत्याला हाच प्रश्न प्रथम विचारावा : आपल्या शाईची प्रोफाइल तयार मिळेल काय आणि पुढे शाई बदलल्यास नवी कोण करून देईल?

निवड कशी करावी?

नामांकित कंपन्यांच्या यंत्रांसोबत त्यांचे स्वतःचे सॉफ्टवेअर मिळते; उदाहरणार्थ एप्सनचे गारमेंट क्रिएटर. काम मर्यादित असेल, तर आरंभी तेवढे पुरते. पांढऱ्या थरावर अधिक नियंत्रण, प्रत्येक शर्टाला लागलेल्या शाईचा हिशेब किंवा अनेक कामांची रांग हवी असेल, तरच स्वतंत्र रिपचा खर्च करावा. कॅडलिंकचे डिजिटल फॅक्टरी किंवा सुरतच्या कोठारी इन्फोटेकचे प्रिंट प्रो ही त्यांतील परिचित नावे. आपले यंत्र त्या रिपच्या यादीत मॉडेल क्रमांकासह आहे, याची खात्री करावी. फिल्मवर छापून कापडावर चिकटवण्याचे डीटीएफ तंत्रही आता रूढ झाले आहे. तेच रिप दोन्हींसाठी चालेल काय, हेही विचारावे.

परवान्याची अट नीट वाचावी. काही रिप यूएसबी डाँगलवर चालतात, काहींना ठरावीक काळाने इंटरनेटची जोडणी लागते. ऐन हंगामात जोडणी गेली आणि सॉफ्टवेअर बंद पडले, तर काम ठप्प होते. फुकट मिळणाऱ्या चोरट्या प्रतीचा मार्ग तर टाळलेलाच बरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार अशा प्रतीचा जाणीवपूर्वक वापर हा गुन्हा असून त्यासाठी कारावास आणि दंडाची तरतूद आहे. शिवाय अशा प्रतीला दुरुस्ती किंवा मदत मिळत नाही.

शेवटी, विक्रेत्याच्या नमुन्यावर विसंबू नये. आपलीच मराठी मजकुराची फाइल न्यावी. फॉन्ट 'कर्व्ह' करून न्यावा, अन्यथा दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात. काळ्या सुती शर्टावर छापून, शाई पक्की करून, तो शर्ट घरी नेऊन पाच वेळा धुवावा. रंग, रेघ आणि शाईचा खर्च या तिन्ही कसोट्यांवर उतरला, तरच पैसे मोजावेत.

ग्राहकानेही एक पथ्य पाळावे. व्हॉट्सअॅपवरून आलेले चित्र पाठवू नये. ते पाठवतानाच आक्रसलेले असते. मूळ फाइल द्यावी. हरवलेला तपशील कोणताही रिप परत आणू शकत नाही.

एके काळी जुन्नरी कागदाचे नाव दूरवर होते. कागद चांगला असला, तरी त्यावर उमटणारे अक्षर लेखकाच्या हातावर अवलंबून असे. आता कागदाच्या जागी कापड आले आणि हाताच्या जागी रिप. तो हात पारखूनच यंत्र घरात आणावे.