पावसाचा आकडा देशोदेशी कसा जातो?

पाऊस किती झाला, असे विचारले तर आमच्याकडची म्हातारी माणसे अजून इंचांत सांगतात. हवामान खाते मिलिमीटर मोजते. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. माणसाला हे सांगून कळते. पण कॉम्प्युटरला नुसता १ लिहून पाठवला, तर तो इंच की मिलिमीटर, हे त्याला कसे कळावे? तो बिचारा विचारीत बसत नाही. दिसेल ते धरून चालतो.

अमेरिकेने मंगळाकडे सोडलेले एक यान १९९९ साली याच घोटाळ्यात गेले. एका गटाने जोराचे आकडे पौंडांत दिले, दुसऱ्याने ते मेट्रिक मापाचे समजून हिशेब केला. यान मंगळाच्या फार जवळ गेले आणि हरवले. म्हणून माप आणि लिहिण्याची रीत आधी ठरवावी लागते.

हवामान खात्यांनी हे केव्हाच केले. त्यांच्या नोंदी ठराविक आकडी खुणांत जातात. लिहिणाऱ्याची भाषा कोणतीही असो, खूण तीच. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा सूचना आधी मिळाली होती. हजारो माणसे सुखरूप जागी हलवता आली. वादळ भरसमुद्रात असते, तेव्हा उपग्रह, जहाजे, शेजारचे देश अशा सर्वांचे आकडे लागतात.

आता हे आकडे जातात कोणत्या वाटेने? त्याची गोष्ट निराळी आहे. जिनीव्हा शहराजवळ सर्न नावाची विज्ञानसंस्था आहे. तेथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ काम करतात. पूर्वी त्यांचे कॉम्प्युटर नाना तऱ्हेचे. एकावरचा मजकूर दुसऱ्यावर सहज मिळत नसे. १९८९ साली तिथल्या टिम बर्नर्स-ली यांनी एक योजना मांडली. पत्ता कसा लिहायचा, पान कसे मागायचे, ते कसे मांडायचे, याचे नियम केले. हेच वेब. मोबाइलवर बातमी उघडता ना, तीही याच नियमांनी येते. १९९३ साली सर्नने हे सारे सर्वांना फुकट मोकळे केले. मला तर हेच मोठे काम वाटते. फी लावली असती, तर गरीब देशांनी काय करायचे?

हवामान खात्यांचे आजवर स्वतःचे खास जाळे होते. जागतिक हवामान संघटनेने २०२५ पासून वेबच्या मोकळ्या नियमांवर नवी व्यवस्था सुरू केली आहे. लहानशा देशालाही आता साध्या इंटरनेटवरून आपले आकडे देता येतात आणि दुसऱ्यांचे घेता येतात.