दोन वर्तुळांची पाकळी

कुक्षीजवळच्या बाघ गावची ठशांची छपाई वाचकांस ठाऊक असेलच. तुरटीच्या योगे खुलणारा लाल आणि लोहक्षारातून येणारा काळा हे तिचे मुख्य रंग. २००८ साली तिला भौगोलिक मानांकनही लाभले. अशा छपाईच्या घरातील माझा एक विद्यार्थी मध्यंतरी कापडाचा जुना तुकडा घेऊन शाळेच्या संगणकापाशी आला. त्यावरील फुलाचा लाकडी ठसा झिजून गेला होता. ठशाबरोबर नक्षीही जाईल, ही त्याच्या आजोबांची चिंता.

त्याने पडद्यावर हाताने रेघ ओढून पाहिली. पाकळी दरवेळी वाकडी येई. तेव्हा मी त्यास गणितातील संच आठवावयास सांगितले. ‘इंकस्केप’ या विनामूल्य आज्ञावलीत दोन वर्तुळे एकमेकांवर सरकवून त्यांचा छेद घेतला की पाकळी उरते; एकातून दुसरे वजा केले की चंद्रकोर; संयोग केला की एकच अखंड आकृती. ती पाकळी एका टोकाभोवती ४५ अंशांनी फिरवीत प्रती काढल्या, आणि आठ पाकळ्यांचे फूल उमलले. पथ्य एकच : संयोगानंतर मूळ आकार सुटे राहत नाहीत, म्हणून त्यांची प्रत आधीच बाजूस ठेवावी.

कागदावरचे फूल आजोबांनी निरखले आणि पाकळ्यांची टोके किंचित बोथट करावयास सांगितली. फार अणकुचीदार टोक लाकडात टिकत नाही. बाजूस ठेवलेली प्रत तेव्हा कामी आली.